उजव्या गालाचा निर्णय

माझ्या उजव्या गालाचं हाड वाढत होतं. पण हाड असं एका बाजूनं वाढू शकतं, हे आमच्या निपाणीच्या गल्लीत कुणाला ठाऊक असणार? आधी सगळ्यांना वाटलं, दाढ किडलीय. मी तेव्हा आठवीत होते. आईनं दाढेखाली लवंग धरायला लावली, मग हळदीचे लेप झाले, मग बाजारातल्या दातांच्या डॉक्टरनं माझी एक चांगली दाढ उपटली. गाल होता तसाच राहिला आणि वर्षभरात आणखी वर आला. दुखत मात्र काहीच नव्हतं. भेटेल तो विचारायचा, "कुठली दाढ दुखतीया गं?" मी "न्हाय दुखत" म्हटलं की समोरच्याच्या तोंडावर काळजी दिसायची. मला भीती वाटायची ती त्या काळजीची.

त्या काळजीला कारण होतं. निपाणी तंबाखूचं गाव. माझी आई विड्या वळायची. मोठा भाऊ, अण्णा, तंबाखूच्या वखारीत कारकून होता. वडील मी लहान असतानाच गेले होते. तोंडाच्या कॅन्सरनं गेलेली माणसं आम्ही गल्लीतच पाहिली होती, आणि त्यांचे गालही आधी असेच सुजले होते. घरात त्या रोगाचं नाव कुणी घ्यायचं नाही. आई विड्या वळता वळता माझ्याकडं बघायची आणि मी बघितलं की मान खाली घालायची.

हे मी आता लिहिते आहे ते अशाच विचारात अडकलेल्या माणसांसाठी. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही, हा प्रश्न जीवघेण्या दुखण्यापेक्षा वेगळा असतो. तिथं डॉक्टर सांगतात आणि आपण ऐकतो. इथं केली नाही तरी माणूस जगतं. त्यामुळं ठरवणं जास्त अवघड जातं आणि सल्ले जास्त मिळतात. मी कुणाला करा म्हणणार नाही, करू नका असंही म्हणणार नाही. माझं कसं झालं ते सांगते, आणि मला ज्यांनी ठरवायला शिकवलं त्या माणसांबद्दल सांगते.

कॅन्सर नाही

मॅट्रिकच्या वर्षी गाल इतका वर आला की उजवा डोळा थोडा बारीक दिसायला लागला. वखारीच्या मालकांनी अण्णाला बेळगावच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनचं नाव सांगितलं. कलमठ डॉक्टर. ते जबड्याची आणि चेहऱ्याच्या हाडांची ऑपरेशनं करायचे. अण्णानं रजा काढली आणि आम्ही एसटीनं बेळगावला गेलो.

डॉक्टर बुटके होते, जाड भिंगाचा चष्मा, कपाळावर विभूतीची पुसट रेघ. त्यांच्या घरची भाषा कन्नड. मराठी आमच्यासारखीच बोलायचे, फक्त वाक्यात 'की' जरा जास्त. त्यांनी माझी हनुवटी हातात धरून तोंड उजेडाकडं वळवलं नाही. आधीच्या सगळ्या डॉक्टरांनी ते तसंच वळवलं होतं. त्यांनी हात धुतले, समोर स्टूल ओढून बसले आणि विचारलं, "हात लावू काय?"

मी होय म्हटलं. माझ्या गालाला हात लावायला माझी परवानगी लागते, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

तोंडाच्या आतून हाडाचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल ऐकायला आई पण आली. त्या दिवशी तिनं काम बुडवलं. दवाखान्याच्या बाकावर ती सबंध सकाळ मांडीवर हात ठेवून बसली होती. तिचे हात असे रिकामे मी कधी पाहिले नव्हते. बोटं मात्र आपोआप वळत होती, जणू पानच हातात आहे.

आम्ही खोलीच्या दारात पाऊल ठेवलं तेव्हाच डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर नाही." आधी 'या, बसा' असलं काही म्हटलं नाही. आम्ही खुर्चीपर्यंत पोचायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं. पुढं मी कितीतरी डॉक्टर पाहिले, पण माणसाला एवढंसं अंतरसुद्धा भीतीत चालायला लावू नये हे त्यांच्याइतकं कुणाला कळलेलं दिसलं नाही.

आईनं विचारलं, "नक्की न्हवं?"

"नक्की, आई. कॅन्सर नाही."

तिनं परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं, त्याच आवाजात.

मग त्यांनी समजावलं. हाडच आहे, पण घट्ट न होता भुसभुशीत वाढलेलं. अंगाची वाढ थांबली की बहुतेकांचं हेही थांबतं. जिवाला धोका नाही. अण्णानं लगेच विचारलं, मग कापून टाकता येईल का? येईल, ते म्हणाले, पण आत्ता नको. वाढतं हाड तासलं तर ते पुन्हा वाढणार. दर वर्षी येऊन दाखवून जा.

परतीच्या एसटीत आई झोपून गेली. कितीतरी महिन्यांनी ती अशी गाढ झोपली असेल. मी खिडकीशी बसले होते, उजवा गाल काचेकडं करून. माझी नेहमीची जागा तीच होती.

स्थळ

मॅट्रिकनंतर मी शिक्षिकेचं ट्रेनिंग केलं. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणी इतकं शिकत होतं. आईला त्याचा केवढा अभिमान. विहारात बायका भेटल्या की ती माझं ट्रेनिंग संपायला किती दिवस राहिले ते न विचारता सांगायची.

ट्रेनिंग संपता संपता कागलकडचं एक स्थळ आलं. मुलगा नोकरीला होता. त्यांनी मला पाहिलं, चहा घेतला, आणि जाताना मुलाच्या मामांनी अण्णाला बाजूला घेऊन सांगितलं की मुलगी पसंत आहे, गालाचं तेवढं करून घ्या, मग पुढचं बोलू.

अण्णाला आनंद झाला. त्याला त्यात अपमान दिसला नाही, वाट दिसली. वडिलांच्या माघारी त्यानं घर ओढलं होतं, माझं लग्न हे त्याचं शेवटचं मोठं काम होतं. आई मात्र पेटून उठली. तिचा भाऊ, माझा मामा, साध्या ऑपरेशनला म्हणून दवाखान्यात गेला होता आणि भुलीतून उठलाच नव्हता. ती म्हणाली, पोरगी हसते, जेवते, काही दुखत नाही. चांगल्या जिवाला भूल कशाला द्यायची? दोघांचं तिन्हीसांजेला सुरू व्हायचं आणि जेवणापर्यंत चालायचं. अण्णा म्हणायचा, आई पोरीच्या आयुष्याचा विचार करत नाही. आई म्हणायची, अण्णा पोरीच्या जिवाचा विचार करत नाही. मी मधे बसून भाकरी खायचे. मला कुणी विचारलं नाही, आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही, कारण सांगण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

शेवटी अण्णा मला घेऊन बेळगावला आला. त्यानं डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, "तू काय म्हणतेस?"

"अण्णा म्हणतोय तसं," मी म्हटलं.

त्यांनी अण्णाला बाहेर जाऊन चहा घेऊन यायला सांगितलं. तो गेल्यावर ते टेबलामागून उठून समोरच्या स्टुलावर बसले. "आता सांग की. हे हाड तुला काढायला पाहिजे काय?"

मी विचार केला. खरंच केला. पण प्रत्येक वेळी डोक्यात अण्णाचा नाहीतर आईचा आवाज यायचा. माझा असा येईना. मला रडू आलं. बाहेर पेशंटांची रांग होती, आणि तरी डॉक्टर घड्याळाकडं न बघता बसून राहिले.

मग ते म्हणाले, "तुला माहीत नाही, हे बी एक उत्तरच आहे. पण ह्या उत्तरावर मी सुरी धरत नाही."

अण्णा आल्यावर त्यांनी त्याला एक्स-रे दाखवला. हाडाची वाढ अजून पूर्ण थांबलेली नाही, म्हणून आत्ता मी करणार नाही, असं सांगितलं. ते खरंच होतं. पण राग माझ्यावर न येता त्यांच्यावर यावा म्हणून त्यांनी तेवढंच सांगितलं, हेही मला कळलं.

स्थळ गेलं. राग तरी माझ्यावर आलाच. मी तोंड उघडून हो म्हणाले असते तर डॉक्टर कबूल झाले असते, असं अण्णाला वाटत राहिलं. तो कितीतरी महिने माझ्याशी कामापुरतं बोलत होता. मला नोकरी बेळगावात लागली, टिळकवाडीत एका वकिलांच्या बंगल्यामागच्या खोलीत मी राहायला लागले, तेव्हा सामान पोचवायला तो आला, सगळं नीट लावून दिलं, स्टोव्ह पेटवून बघितला आणि चहा न पिता गेला.

येळ्ळूरची पार्वतीआक्का

नोकरीला वर्ष होऊन गेल्यावर मी डॉक्टरांकडं एकटी गेले. ह्या वेळी त्यांनी मला 'तुम्ही' म्हटलं. वाढ थांबलेली दिसते, ते म्हणाले, आता करता येईल. त्यांनी कागदावर माझा गाल काढला आणि पेन्सिलीनं एक रेघ ओढली. एवढं निघेल. मग रेघेखाली दुसरी रेघ ओढून सांगितलं, इथं नस आहे, तिला धक्का लागला तर गाल आणि वरचा ओठ बधिर होईल, कदाचित कायमचा. चेहऱ्यावर व्रण येणार नाही, आतून करू. पण डाव्या गालासारखा अगदी तंतोतंत होणार नाही. आणि फार थोड्यांचं पुन्हा वाढतं, तुमचं वाढणार नाही असं लिहून देता येत नाही.

मी विचारलं, करून घेतलेल्या माणसांना नंतर कसं वाटतं?

"ते मला काय ठाऊक?" ते म्हणाले. "माझा चेहरा कुणी कापला नाही." मग त्यांनी मला येळ्ळूरच्या एका बाईंचं नाव दिलं. त्यांची ह्याला आधीच परवानगी आहे, म्हणाले.

रविवारी मी येळ्ळूरला गेले. पार्वतीआक्का शेतकरी बाई, पन्नाशीच्या आतबाहेर. अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्यांच्या खालच्या जबड्याला मोठी गाठ होती, ती काढली होती. हनुवटीखाली व्रण होता. मला बघितलं आणि त्यांनी ओळखलं, मी सांगायच्या आधीच.

"डॉक्टरनी धाडलंय न्हवं? म्हंजे तू अजून ठरवल्यालं न्हाईस. बस. काय विचारायचं ते विचार."

मी बिचकत विचारलं, लोक बघायचे थांबले का?

"न्हाय गं. मला बी तसंच वाटलतं. आदी गाठ बघायचे, आता गाठ कुठं गेली ते बघत्यात." त्या हसल्या. मग त्यांनी खालच्या ओठाच्या डाव्या कडेला बोट लावलं. "हितनं हितवर काय बी कळत न्हाय. भाताचं शीत चिकटलं तरी समजत न्हाय. मग आमचं मालक जेवताना आपल्याच ओठाला बोट लावत्यात. मी पुसते. चारचौघांत बी आमचं असंच चालतंय."

"मग पस्तावा होत नाही?"

त्यांनी मिरच्या हातानं पसरत थोडा विचार केला. मला ते फार आवडलं. त्यांनी लगेच 'नाही' असं उत्तर दिलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

"पयल्या महिन्यात झाला. लई झाला. आता न्हाय. मला ती गाठ नको होती, ती गेली. पर चांगलं दिसाय म्हणून करशील तर करू नको बघ. माझी जाऊ अजून बी माझ्यापेक्षा चांगलीच दिसतीया."

निघताना त्यांनी पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घातल्या. तारीख कळवलीस तर मी ऑपरेशनच्या वेळी येईन, म्हणाल्या. बाईनं मला तासापूर्वी पहिल्यांदा बघितलं होतं.

एक वर्ष

परत जाऊन मी डॉक्टरांना सांगितलं की मला करायचं आहे. का, विचारल्यावर म्हटलं, लपवायचा कंटाळा आलाय. एसटीत मी उजव्या बाजूच्या खिडकीशीच बसायचे, म्हणजे गाल काचेकडं जातो. केस उजव्या कानावरून पुढं ओढून घ्यायचे. शाळेत फोटोच्या दिवशी दोन्ही वर्षी माझं डोकं दुखलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "हे सगळं तर माझ्याशिवाय थांबवता येतंय की. एक वर्ष लपवू नका. मग या."

मला राग आला. मनात आलं, सुरी न धरायला ह्यांना बरी निमित्तं सापडतात. टिळकवाडीपर्यंत चालत आले तरी राग उतरला नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना मी केस मागं घेऊन पिना लावल्या. बघूच, म्हटलं.

पहिले काही आठवडे वाईट गेले. एका सहशिक्षिकेनं कुठलंसं मलम सुचवलं. कंडक्टरनं तिकीट फाडताना दाढेवर उपाय सांगितला. वर्गात दुसरीतली एक मुलगी सरळ टेबलाशी आली आणि म्हणाली, "बाई, तुमचा गाल दुखतोय काय?" मी नाही म्हटलं. हाड जास्त वाढलंय, एवढंच. ती "बरं" म्हणून जागेवर गेली, आणि वर्गापुरता तो विषय तिथंच संपला. त्या वर्षी शाळेच्या फोटोत मी पुढच्या रांगेत बसले. फोटो आईला दिला. तिनं तो भिंतीला लावला.

हळूहळू मी गाल विसरायला लागले. दिवसच्या दिवस आठवण यायची नाही. मला वाटलं, आता इच्छाही जाईल. पण ती गेली नाही. पूर्वी ती आरडाओरडा करायची, आता शांतपणे बसून होती. लोकांचा आवाज त्यातून निघून गेला होता आणि तरी ती उरली होती.

वर्षानं मी जाऊन तसं सांगितलं. "आता लपवत नाही. तरी पाहिजे."

"का?"

"कारण सांगता येत नाही. मला माझा उजवा गाल डाव्यासारखा पाहिजे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पुरे की एवढं," म्हणाले, आणि तारखेसाठी सिस्टरांना हाक मारली.

आईनं पान खाली ठेवलं

आईला सांगायला मी निपाणीला गेले. ती अंगणात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मी सांगितलं तेव्हा तिनं हातातलं पान खाली ठेवलं. मामाचं नाव दोघींच्याही तोंडावर होतं, कुणी काढलं नाही.

"कुणी म्हटलंय तुला? कुठलं स्थळ आलंय?"

"कुणी न्हाय म्हटलं, आई. मला पाहिजे."

"मग मी काय म्हणणार," ती म्हणाली. "पर खाटंजवळ मी बसणार. मला घरी बस म्हणायचं न्हाय."

हे हाड तासताना रक्त बरंच जातं, म्हणून डॉक्टरांनी आधीच रक्ताची सोय करायला सांगितली होती. मी अण्णाला विचारलं नव्हतं. त्याला आईकडून कळलं, आणि तो वखारीतल्या एका मित्राला घेऊन दवाखान्यात हजर झाला. दोघांनी रक्त दिलं. दंडाला कापूस दाबून तो माझ्या खाटेशी उभा असताना वॉर्डातला कारकून संमतीचा कागद घेऊन आला आणि सवयीनं तो अण्णापुढं धरला. बाईमाणसाची सही चालत नाही, असं त्याचं म्हणणं नव्हतं, पण घरचा पुरुष समोर असताना त्याला दुसरं सुचलं नाही.

अण्णानं कागद घेतला आणि माझ्या हातात दिला. "गाल तिचा हाय. सही तीच करंल."

अण्णाशी त्याआधी किंवा नंतर त्या विषयावर माझं काही बोलणं झालं नाही. गरज पडली नाही.

ऑपरेशनच्या सकाळी भूल द्यायच्या आधी डॉक्टर आले. तोंडावरचा मास्क त्यांनी खाली ओढला होता, मला चेहरा दिसावा म्हणून. ते वाकून म्हणाले, "अजून बी नको म्हणता येतंय. मी रागावणार नाही."

मी म्हटलं, "करा."

सूज

शुद्धीवर आले तेव्हा आईचा हात माझ्या हातात होता. डोळे उघडता येत नव्हते. तोंडात रक्ताची आणि औषधाची चव होती. आईचा आवाज आला, "उठली गं माझी बाय," आणि मग ती रडली. मामा गेल्यापासून आत साठलेलं सगळं तिनं तेव्हा रडून घेतलं असावं.

पुढचे दिवस ज्यांना हे करून घ्यायचंय त्यांना खरंखुरं सांगते. सूज इतकी येते की आधीचा गाल बरा वाटावा. डोळ्याखाली काळंनिळं होतं. तोंड उघडत नाही. दूध आणि पेज चोचीच्या कपानं थेंबथेंब घ्यायची, प्रत्येक वेळी मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची, आणि चूळ भरताना पाणी कुठून सांडतंय ते कळत नाही. बोलता येत नाही. माझं घुंघूं आईला कळायचं. सिस्टर विचारायच्या काय म्हणतेय, आणि आई सांगायची, उशी उंच पाहिजे. तसंच असायचं.

शेजारच्या खाटेवर बैलहोंगलकडची एक म्हातारी होती. तिला मराठी येत नव्हतं, आईचं कन्नड बाजारापुरतं. दोघींचं अखंड बोलणं चालायचं, कसं कोण जाणे. म्हातारीचा लेक घरून नाचण्याची अंबील आणायचा. तिनं तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती ताक घालून पातळ करायला लावली आणि माझ्या कपात ओतली. दुधाच्या त्या गुळचट दिवसांत आंबूस, खारट, गार अंबील घशाखाली गेली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी बरी होणार.

पण त्याच्या आदल्याच दिवशी मी आरसा मागितला होता. डॉक्टरांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाले, बघा, पण आज दिसेल तो तुमचा चेहरा नव्हे. मी बघितलं. एक डोळा मिटलेला, गाल भोपळ्यासारखा, ओठ एका बाजूला ओघळलेला. मी हे माझ्या हातानं करून घेतलं होतं. कुणाला दोष द्यायलाही जागा नव्हती. मी भिंतीकडं तोंड करून रडले आणि मनात म्हटलं, आई बरोबर होती.

आईनं आरसा पालथा ठेवला. मी तर सांगितलं होतं, असं ती म्हणू शकली असती. तिच्याइतका त्याचा हक्क कुणाला नव्हता. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "सूज हाय ती. सूज उतरती." ते वाक्य ती त्या वेळी बोलली नाही आणि पुढंही कधी बोलली नाही. आपली माणसं काय बोलतात ते आपण लक्षात ठेवतो. मी माझ्या आईचं हे न बोललेलं लक्षात ठेवलंय.

पार्वतीआक्का खरंच आल्या. येळ्ळूरहून डोक्यावर टोपली घेऊन. त्यांनी माझा गाल निरखून बघितला आणि आईला सांगितलं, माझं तर याच्या दुप्पट सुजलं होतं. आईचा चेहरा सैल पडला. माझं सांत्वन करायला सगळे होते. आईचं करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

काय मिळालं

सूज उतरायला आठवडे लागले, सगळी उतरायला काही महिने. गाल खाली बसला. डोळा मोकळा झाला. नव्यानं भेटणाऱ्या माणसाला आता काही दिसत नाही. शोधणाऱ्याला दिसतं, उजवी बाजू किंचित भरलेली आहे. नाकाशेजारचा भाग आणि वरचा ओठ उजवीकडं बधिर राहिला. थंडीत तिथं मुंग्या आल्यासारखं होतं. चहा फार गरम असला तर डाव्या बाजूनं प्यावा लागतो.

मी खूश आहे का? होय. पण जग बदललं नाही. शाळेत मुलांनी बाईंचा गाल कुठं गेला विचारलं आणि पुन्हा पाढे म्हणायला लागली. लग्न पुढं झालं, त्याचा आणि ऑपरेशनचा संबंध नव्हता. त्या मोकळ्या वर्षात मला जे मिळालं होतं, ते ऑपरेशननं मिळालं नसतं. आणि ऑपरेशननं जे मिळालं, तेही दुसऱ्या कशानं मिळालं नसतं. माझ्या बाबतीत दोन्ही खरं आहे.

शेवटच्या तपासणीला मी एकटीच गेले होते. डॉक्टरांनी खिडकीपाशी बसवून दोन्ही गाल पाहिले, बोटांनी चाचपले. मग माझं बोट धरून गालाच्या एका जागी ठेवलं. "इथं थोडं राहिलंय. आणखी काढता आलं असतं. नस जवळ होती, मी भ्यालो." आपलं काम दाखवताना माणसं त्यातलं चांगलं दाखवतात. त्यांनी मला आधी उणं दाखवलं.

तेव्हा मी धीर करून विचारलं, "डॉक्टर, मी तुमची मुलगी असते तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

ते म्हणाले, "नको म्हणालो असतो."

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली.

"बाप आहे की मी. भूल, रक्त, नस, सगळं डोळ्यासमोर येतंय. दुखत नाही, जिवाला धोका नाही, कशाला पाहिजे, असंच म्हणालो असतो."

"मग इतक्या वर्षांत तुम्ही मला एकदाही तसं बोलला नाहीत."

"तुमच्याकडं तसं म्हणायला आई होती. उलटं म्हणायला भाऊ होता," ते म्हणाले. "तिसरं माणूस कशाला पाहिजे होतं?"

मला हसू आलं. मोठ्यानं हसले, त्या दवाखान्यात पहिल्यांदाच. ते एकदम पुढं वाकले आणि चष्म्यातून माझ्या तोंडाकडं निरखून बघायला लागले. मी हसायची थांबले तर म्हणाले, थांबू नका, परत हसा. मी हसले.

"हसताना ओठ उजवीकडं कमी उचलला जातोय," ते म्हणाले. "हे असंच राहील असं दिसतंय."

मी म्हटलं, "राहू दे."